रिकाम्या खाटांचा हिशेब

इबोलाशी लढण्यासाठी लायबेरियात सैन्य पाठवत असल्याचे अमेरिकेने २०१४च्या सप्टेंबरात जाहीर केले. पुढच्या काही महिन्यांत सुमारे तीन हजार सैनिक तिथे पोचले आणि त्यांनी अकरा उपचार केंद्रे उभी केली. २०१५च्या एप्रिलमध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा या अकरा केंद्रांत मिळून इबोलाचे २८ रुग्ण आले होते. नऊ केंद्रांत एकही नाही. त्याच देशाच्या राजधानीत, मॉनरोव्हियात, त्याआधी काही महिनेच चित्र अगदी उलटे होते. ‘मेडसाँ साँ फ्राँतिएर’ या डॉक्टरांच्या संघटनेच्या केंद्राचे फाटक त्या दिवसांत रोज जेमतेम अर्धा तास उघडायचे, कारण रात्रीत जितके रुग्ण दगावले तितक्याच खाटा सकाळी मोकळ्या व्हायच्या. बाकीच्यांना परत पाठवले जायचे. ते घरी जायचे आणि घरातल्यांना आजार द्यायचे. पैसा, इच्छा, यंत्रसामग्री यांपैकी कशाचीच पुढे वाण पडली नाही. फक्त ते सगळे दोन-तीन महिने उशिरा आले.

महासाथीच्या वेळी जगाने एकत्र यावे, याला कोणी ना म्हणत नाही. म्हणूनच त्या वाक्यातून हाती काही लागत नाही. परिषदा भरतात, ठराव होतात, एखादा समन्वयक नेमला जातो आणि पुढच्या साथीला तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. माझे म्हणणे असे की, साथ भडकल्यावर केलेला समन्वय जवळपास नेहमीच उशिरा पोचतो, आणि तो दोष माणसांच्या नालायकीचा कमी, रचनेचा अधिक असतो. निकाल लागतो तो साथीच्या आधीच, आणि तो दोन प्रश्नांवर लागतो. पहिली खबर देणाऱ्याचे नुकसान कोण भरून देणार, आणि घरोघर फिरून ताप मोजणारी माणसे आधीपासून कोणाच्या पगारावर आहेत? या दोन्हींची उत्तरे पैशाची आहेत, आणि तो पैसा शांततेच्या काळात द्यावा लागतो. तो द्यायला कोणाचा हात सहजी खिशात जात नाही.

पश्चिम आफ्रिकेतली तारखांची ओळ पाहिली तरी पुरे. पहिली लागण २०१३च्या डिसेंबरात गिनीमधल्या मेलियांडू या जंगलालगतच्या खेड्यात झाली असावी. हा इबोला आहे हे प्रयोगशाळेत सिद्ध व्हायला मार्च २०१४ उजाडला. त्याच महिन्याच्या शेवटी मेडसाँ साँ फ्राँतिएरने सांगितले की, इतक्या दूरदूरच्या ठिकाणी एकाच वेळी पसरलेली साथ आजवर पाहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हे म्हणणे अतिरंजित ठरवले. जूनमध्ये त्याच डॉक्टरांनी साथ हाताबाहेर गेल्याचे जाहीर केले. आंतरराष्ट्रीय आणीबाणीची घोषणा झाली ८ ऑगस्टला, तेव्हा मृतांचा आकडा हजाराच्या घरात होता. सुरक्षा परिषदेचा ठराव १८ सप्टेंबरचा. अखेरीस २८,६०० हून अधिक लागणी आणि ११,३०० हून अधिक मृत्यू नोंदवले गेले, त्यात पाचशेहून अधिक आरोग्य कर्मचारी होते. ज्या लायबेरियात चाळीस लाखांहून अधिक लोकसंख्येला काही डझन डॉक्टर होते, तिथे एकेक डॉक्टर आणि परिचारिका जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

मार्च ते ऑगस्ट हे महिने कुठे गेले? असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने नंतर मिळवलेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून दिसते की, आरोग्य संघटनेतल्या वरिष्ठांना जूनमध्येच आणीबाणीचा विचार सुचला होता. त्यांना अडवले ते परिणामांच्या भीतीने: संबंधित देश दुखावतील, त्यांची खाणींवर चालणारी अर्थव्यवस्था कोलमडेल, हजयात्रेवर निर्बंध येतील. या भीतीची टिंगल करणे सोपे आहे, पण ती खोटी नव्हती. घोषणेसोबत संघटनेने देशांना स्पष्ट सांगितले होते की, सरसकट प्रवासबंदी लादू नका. तरीही विमान कंपन्यांनी उड्डाणे थांबवली, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडासारख्या सधन देशांनी व्हिसा देणे बंद केले. ज्या विमानांतून डॉक्टर आणि औषधे जायची, तीच रोडावली. जे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम या देशांनी स्वतः स्वीकारले होते, ते मोडल्याबद्दल कोणाला एक रुपयाचाही दंड झाला नाही.

हे आपल्याला नवे नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. मृत्यू पन्नाशीच्या आसपास होते. तेवढ्यावर आखाती देशांनी विमाने बंद केली, भारतीय माल बंदरांतून परत पाठवला गेला, आणि देशाचे नुकसान दीड अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचा अंदाज मांडला गेला. सत्तावीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२१मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी करोनाचा ओमायक्रॉन हा प्रकार ओळखून जगाला तातडीने कळवला. दोन दिवसांच्या आत युरोपातल्या देशांनी त्या देशाची विमाने बंद केली. असे वागणाऱ्या जगाला पुढच्या वेळी कोणत्या आरोग्यमंत्र्याने आपण होऊन फोन करावा? आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीचे २००५चे रूप सार्सच्या अनुभवातून आले आणि त्यात कळवण्याचे बंधन आहे. कळवल्यावर होणाऱ्या नुकसानीची भरपाई मात्र त्यात नाही. कर्तव्य एका बाजूचे आणि शिक्षाही त्याच बाजूची, असा करार लोक जेवढा पाळायचा तेवढाच पाळतात.

आता दुसरा प्रश्न, माणसांचा. २० जुलै २०१४ रोजी लायबेरियाचा एक आजारी प्रवासी नायजेरियातल्या लागोसच्या विमानतळावर उतरला. लागोस म्हणजे कोटीच्या वर वस्तीचे, दाटीवाटीचे शहर, आणि सरकारी डॉक्टर त्या वेळी संपावर. त्याला खाजगी रुग्णालयात नेले गेले. तिथल्या डॉ. अमेयो अडाडेवोह यांनी संशय येताच, वरून दबाव येत असतानाही त्याला बाहेर जाऊ दिले नाही. पुढे त्यांना स्वतःला लागण झाली आणि १९ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. त्यांच्या निश्चयाने वेळ मिळवून दिली, पण त्या वेळेचा उपयोग करून घेणारी व्यवस्था अगोदरच होती. पोलिओच्या लसीकरणासाठी नायजेरियाने २०१२मध्ये आणीबाणी केंद्र उभारले होते. त्यातलेच डॉक्टर, तेच नकाशे, तीच घरोघर जाण्याची सवय इबोलाकडे वळवली गेली. रुग्णांच्या संपर्कात आलेल्या ८९४ जणांची यादी झाली. इबोलाचा सुप्तावस्थेचा काळ कमाल एकवीस दिवसांचा. म्हणजे प्रत्येकाच्या दाराशी रोज जायचे, ताप मोजायचा, आणि तो माणूस घरात नसला तर कुठे गेला ते शेजाऱ्याला विचारायचे. ८९४ला २१ने गुणले तर १८,७७४ येतात. प्रत्यक्षात झालेल्या भेटी सुमारे साडेअठरा हजार नोंदवलेल्या आहेत. म्हणजे जवळपास कोणाचे दार चुकले नाही. वीस लागणी, आठ मृत्यू, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त. या साऱ्यात परदेशी मदत होती, पण ती आधीपासून चालू असलेल्या कामाला जोडली गेली, म्हणून कामी आली.

यावर कोणी म्हणेल, नायजेरिया नशीबवान ठरला. तेलाचा पैसा, मोठी रुग्णालये, सुरुवातीला एकच ओळखता आलेला रुग्ण. उलट गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया या तिन्ही देशांत साथ सीमेवरच्या खेड्यांतून गुपचूप पसरली होती. शिवाय सिएरा लिओन आणि लायबेरिया यादवीतून नुकतेच सावरत होते. हा आक्षेप बराचसा खरा आहे आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. नशिबाने एकच रुग्ण दिला. साडेअठरा हजार भेटी नशिबाने होत नाहीत. ज्या देशांत रोज दारोदार जाणारी पगारी माणसेच नव्हती, त्यांना आणीबाणीत ती भाड्याने आणता आली नाहीत. ती बाहेरून आणताच येत नाहीत, कारण त्या कामाला वस्तीची बोली आणि ओळख लागते. लस, विमान, तंबू सगळे पाठवता येते. शेजारी पाठवता येत नाही.

ओळख नसली की काय होते, हे मृतदेहांच्या प्रश्नात दिसले. इबोलाचा विषाणू मरणसमयी शरीरात सर्वाधिक असतो, आणि पश्चिम आफ्रिकेत मृताला हाताने न्हाऊ घालून निरोप देण्याची रीत आहे. त्यामुळे अंत्यविधी हा लागणीचा मोठा मार्ग होता, यात वाद नाही. लायबेरिया सरकारने ऑगस्टमध्ये राजधानीत दहनाचा हुकूम काढला. शहराबाहेर तिथल्या भारतीय समाजाने स्वतःसाठी बांधलेले दहनगृह होते, ते त्यासाठी वापरले गेले. दहन आपल्याला सवयीचे. तिथल्या लोकांना मात्र ते आईबापांची विटंबना वाटले. परिणामी लोकांनी मृत्यू लपवले, रात्री गुपचूप पुरले, आजाऱ्यांना केंद्रात पाठवणे टाळले. गिनीत वोमे या गावी सप्टेंबरात जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातले आठ जण मारले गेले. मग मानववंशशास्त्रज्ञांना आणि धर्मगुरूंना बोलावून रीत बदलली गेली: काळ्या पिशवीऐवजी पांढरी, कुटुंबाला अंतरावर उभे राहून प्रार्थना करण्याची मुभा, कबरीवर नाव. सुरक्षित दफनासोबत ‘सन्मानाने’ हा शब्द नियमांत आला तो २०१४च्या नोव्हेंबरात. त्याआधीचे आठ महिने नियम लिहिणाऱ्यांनी फक्त विषाणूचा विचार केला होता.

पुणेकरांना हे वाचताना १८९७ आठवेल, आणि तो संबंध ओढूनताणून आणलेला नाही. मुंबईत १८९६मध्ये प्लेग पोचला, तेव्हा युरोपच्या देशांनी व्हेनिसमध्ये १८९७च्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय परिषद भरवली ती याच साथीवर. तिचा विषय मुंबईची माणसे वाचवणे हा नव्हता. युरोपची बंदरे सुरक्षित ठेवणे हा होता. मुंबईच्या मालावर आणि यात्रेकरूंवर बंदी येईल या धास्तीने इंग्रज सरकारने त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा केला आणि पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरांत शिरले. लोकांनी आजारी माणसे माळ्यावर, कोठारात लपवली. टिळकांनी केसरीतून सरकारला झोडपलेही आणि हिंदूंसाठी वेगळे प्लेगचे रुग्णालयही काढले, ही दुसरी गोष्ट आपण कमी सांगतो. जगाच्या दडपणाखाली वरून लादलेला ‘समन्वय’ दारात बूट घालून आला की लोक दार लावून घेतात. पुण्याने हे मॉनरोव्हियाच्या एकशेसतरा वर्षे आधी दाखवून दिले होते.

तरीही एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. सगळे विखुरलेले असताना एका हातात सूत्रे नकोत का? ब्रिटनने सिएरा लिओन घेतले, अमेरिकेने लायबेरिया, फ्रान्सने गिनी, जणू जुन्या वसाहतींची पुन्हा वाटणी. क्यूबाने सिएरा लिओनला १६५ डॉक्टर आणि परिचारिका पाठवल्या. याला धरबंध हवाच होता. संयुक्त राष्ट्रांनी तो प्रयत्न केला. १९ सप्टेंबर २०१४ रोजी इबोलासाठी खास मोहीम स्थापन झाली, संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली आरोग्याच्या आणीबाणीसाठीची पहिलीच. तिचे मुख्यालय साथीच्या तिन्ही देशांबाहेर, घानातल्या आक्रा शहरात होते. नवे कार्यालय, नवे हिशेब, नव्या नेमणुका बसवण्यात महिने गेले, आणि जुलै २०१५मध्ये ती गुंडाळली गेली. सूत्रे एका हातात येणे चांगलेच, पण तो हात साथ चालू असताना जन्माला घालता येत नाही. देवीच्या निर्मूलनाचे उदाहरण याच्या उलट म्हणून दिले जाते, तेही बरोबर नाही. देवी हटवण्याच्या मोहिमेला अधिकार मिळाले, पण ती वर्षानुवर्षे त्याच जिल्ह्यांत फिरत होती. एका रुग्णाभोवतीच्या माणसांना कडे करून लस देण्याची युक्ती तिने तिथेच घडवली. गिनीमध्ये २०१५ साली इबोलाच्या लसीची चाचणी त्याच पद्धतीने झाली आणि यशस्वी ठरली. ती लस मुळात कॅनडाच्या सरकारी प्रयोगशाळेत कित्येक वर्षे आधी तयार झालेली होती. तिला चाचणीपर्यंत नेण्याचा खर्च कोणी केला नव्हता, एवढेच.

आणि इथे पैसा मोजून पाहू. आरोग्य संघटनेचा साथी आणि आणीबाणी यांसाठीचा खर्चाचा अंदाज २०१२-१३च्या मानाने २०१४-१५साठी जवळपास निम्म्यावर आणला गेला होता, म्हणजे नेमक्या वाईट वेळी. मग साथ आल्यावर देणगीदारांनी साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला. पुढे जागतिक बँकेने शहाणपणाची म्हणून एक योजना काढली: गुंतवणूकदारांना साथरोगाचे रोखे विकायचे आणि साथ आली की ती रक्कम गरीब देशांना द्यायची. अटी अशा की, इबोलासाठी पैसे सुटायला दुसऱ्या देशातही किमान वीस मृत्यू व्हायला हवेत. काँगोच्या पूर्वेकडच्या २०१८ ते २०२०च्या साथीत २,२८७ माणसे गेली. रोख्यांच्या विम्याचा पैसा एक डॉलरही सुटला नाही, कारण दुसऱ्या देशात वीस मृत्यू झाले नव्हते. शेजारी देशांत साथ पसरू दिली नाही याची ही शिक्षाच. गुंतवणूकदारांना मात्र व्याज नियमित मिळत होते.

यावर खर्चाचा रास्त सवाल येतो: न आलेल्या साथीसाठी पगारी माणसे बसवून ठेवायची, आणि दररोज हिवतापाने, अतिसाराने पोरे मरतात त्यांचे काय? बसवून ठेवायचीच नाहीत. पोलिओच्या कामावरची माणसे इबोलाला उभी राहिली. हिवतापाची, बाळंतपणाची कामे करणारी माणसे तशीच उभी राहतील. आपल्याकडे आशा कार्यकर्तींनी करोनात नेमके हेच केले, आणि त्यांच्या मानधनाची भांडणे आजही सुटलेली नाहीत. साथीसाठीची तयारी म्हणून जे मागायचे ते गावातल्या आरोग्य उपकेंद्राचा नियमित पगार यापेक्षा फार वेगळे नाही. ते फार चमकदार नाही, म्हणून त्याला दाते मिळत नाहीत.

खोट्या हाकाटीची भीती हा शेवटचा आक्षेप. २००९च्या स्वाइन फ्लूच्या वेळी आरोग्य संघटनेने आधी आणीबाणी आणि मग महासाथ जाहीर केली, आणि युरोपात नंतर ओरड झाली की औषध कंपन्यांच्या फायद्यासाठी बागुलबुवा उभा केला. पुण्यात त्याच ऑगस्टमध्ये देशातला पहिला बळी गेला होता आणि नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या होत्या. इथल्या कोणाला तो बागुलबुवा वाटला नसेल. पण युरोपातली ती टीका २०१४मध्ये संघटनेच्या संकोचाला कारण झाली असावी, असा माझा कयास आहे. चुकीची घोषणा झाली म्हणून संघटनेला फासावर चढवायचे आणि उशिरा झाली म्हणूनही, असे चालणार नाही. लवकर घोषणेला पैसा जोडलेला असेल आणि बंदी जोडलेली नसेल, तर एखादी घोषणा वाया गेली तरी परवडते.

भारत या वादात दोन्ही बाजूंना बसलेला आहे, म्हणून आपण नुसते प्रेक्षक नाही. १९९४मध्ये आपण खबर देऊन मार खाल्ला. २०२१च्या वसंतात दुसऱ्या लाटेत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशींची निर्यात थांबली आणि ज्या गरीब देशांचा लसवाटपाच्या कोव्हॅक्स योजनेतला भरवसा मुख्यतः त्याच लशींवर होता, ते हात चोळत बसले. घरात प्रेते पडत असताना कोणतेही सरकार तेच करील. म्हणूनच एकाच कारखान्यावर अर्ध्या जगाची भिस्त ठेवणारी योजना चुकीची होती. इंडोनेशियाने २००७मध्ये बर्ड फ्लूचे नमुने देणे थांबवले, कारण त्यांच्याच नमुन्यांपासून बनलेली लस त्यांना परवडणार नव्हती. त्या भांडणातून २०११मध्ये फ्लूपुरती वाटणीची व्यवस्था झाली. ती बाकीच्या रोगांना लागू करण्याचा मुद्दा इतका वादग्रस्त ठरला की, मे २०२५मध्ये महासाथ करार मंजूर करताना तो वेगळ्या परिशिष्टात ढकलावा लागला. त्याआधीच, जानेवारीत, अमेरिकेने आरोग्य संघटनेतून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले होते.

नमुन्यांच्या बदल्यात लस, ही मागणी आपण आणि आफ्रिकी देश लावून धरतो, ते योग्यच आहे. पण खबरेच्या बदल्यात काय, हे अजून कोणी टेबलावर ठेवत नाही. करारावर आणि नियमावलीवर पुढे जेव्हा केव्हा चर्चा होईल तेव्हा भारताच्या प्रतिनिधींनी एवढी एक अट घालावी: जो देश वेळेत कळवेल त्याच्या व्यापाराचे आणि प्रवासाचे नुकसान, आधी जमा केलेल्या निधीतून, मृत्यूंची कोणतीही अट न घालता, ठरावीक दिवसांत भरून मिळेल, आणि जो देश संघटनेचा सल्ला डावलून बंदी घालेल, त्याच्या वर्गणीतून ती रक्कम वळती होईल. सुरतेची किंमत मोजलेल्या देशाला ही मागणी करण्याचा हक्क इतर कोणापेक्षा अधिक आहे.